न दुखणारा हात

कला शाखेच्या विद्यार्थिनीने जखमा आणि मलमपट्टी या विषयावर लिहावे, हे वर्गातील काही मंडळींना चमत्कारिक वाटेल. पण संपादक मंडळाने माहितीपर लेख मागितला, आणि मला जिची खरोखरीची माहिती आहे अशी आज तरी ही एकच गोष्ट आहे. ही माहिती मी ग्रंथालयात थोडी आणि कॉटन ग्रीनच्या आमच्या चाळीतील मोरीपाशी पुष्कळ मिळवली. माझी ताई आणि भाऊजी दोघेही नोकरी करतात. त्यामुळे त्यांचा मुलगा सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत आमच्याकडे, म्हणजे आई, बाबा आणि मी यांच्या ताब्यात असतो. आता तो पाच वर्षांचा होईल. बोलका आहे, हट्टी आहे, आणि त्याचा उजवा हात जन्मापासून अधू आहे.

त्याचा जन्म अवघड झाला. बाळ वजनाने मोठे होते. डोके बाहेर आले आणि खांदा आईच्या ओटीपोटातील हाडामागे अडकला. अशा वेळी डॉक्टरांच्या हाती मोजकी मिनिटे असतात आणि बाळाचा जीव वाचवणे हेच पहिले काम असते. या खटाटोपात मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो. मधल्या मज्जातंतूंना, म्हणजे आपण बोलण्यात ज्यांना नसा म्हणतो त्यांना, तो ताण सोसत नाही. जगभरात हजार जन्मांमागे साधारण १ ते ३ बाळांना अशी इजा होते असे मानतात. त्यांतली बरीच बाळे पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारतात. आमचा भाचा त्या भाग्यवंतांत नव्हता.

हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची पाच मुळे मानेच्या खालच्या भागातून निघतात. हसळीच्या हाडामागे ती एकमेकांत मिसळतात, फुटतात, पुन्हा मिसळतात आणि मग वेगवेगळ्या दोऱ्या होऊन बोटांपर्यंत जातात. कुर्ल्याच्या यार्डात रूळ जसे एकमेकांत शिरून पलीकडे भलत्याच फलाटाला लागतात, तसाच काहीसा हा प्रकार. जर्मन वैद्य एर्ब यांनी १८७४ साली दाखवून दिले की वरची मुळे दुखावली तर खांदा आणि कोपर लुळे पडतात. खालची मुळे दुखावली तर पंजा जातो. हे १८८५ साली सविस्तर मांडले ते ऑगस्टा क्लुम्के या बाईंनी. तेव्हा त्या पंचविशीतल्या होत्या आणि पॅरिसमध्ये अजून शिकत होत्या. आमच्या वर्गातील मुलींनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

भाच्याची पाचही मुळे कमीअधिक दुखावली होती. वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाली. पोटरीतून एक मज्जातंतू काढून त्याचे तुकडे खांद्याजवळ जोडले. मज्जातंतू वाढतो तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. खांद्यापासून मनगटापर्यंत पोहोचायला त्या चिमुकल्या हातातही त्याला कितीतरी महिने लागले. आज तो कोपर वाकवतो, हात खांद्यापर्यंत उचलतो, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पेन्सिल धरतो. करंगळी, अनामिका, तळहाताची त्या बाजूची कड आणि मनगटापासून कोपरापर्यंतची आतली पट्टी मात्र बधिर राहिली. तिथे टाचणी टोचली तरी त्याला कळत नाही.

हालचाल गेली की लोकांना दिसते. बधिरपणा दिसत नाही, म्हणून त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. माझा हा लेख त्या न दिसणाऱ्या भागाविषयी आहे.

गेल्या मे महिन्यात तो गॅलरीत खेळत होता आणि मी आत वाचत बसले होते. थोड्या वेळाने तो दारात येऊन म्हणाला, "मावशी, फरशी लाल झालीय." बाहेर पाहते तो फुटलेल्या काचेच्या बरणीचा तुकडा पडलेला, आणि करंगळीखाली तळहाताला चांगला बोटाच्या पेराएवढा काप. दुसरे मूल किंचाळले असते, हात घट्ट धरून आईकडे धावले असते. हा फरशीची तक्रार घेऊन आला. रक्त दिसले म्हणून कळले. काप हाताच्या मागे किंवा बाहीच्या आत असता तर संध्याकाळपर्यंत तो त्याच हाताने मातीत खेळत राहिला असता.

बधिर हातावरची जखम मोठी होते ती बहुतेक अशी. तिथले मांस मुळातच कुजके असते, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. हे ज्यांनी जगाला पटवून दिले त्या शल्यविशारदांचे काम आपल्या देशात झाले, आणि त्याच रोगावरचे एक जुने रुग्णालय आमच्या स्टेशनपासून दोनच स्टेशनांवर आहे.

कॉटन ग्रीनहून शिवडी आणि त्यापुढे वडाळा. वडाळ्याला ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० साली स्थापन झालेल्या या संस्थेला त्या वेळचे महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांचे नाव मिळाले. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे नाव दुसऱ्या कारणाने ठाऊक असेल. शाळिग्रामांबरोबर १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. कुष्ठरोगात रोगजंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि हातपाय बधिर होतात. बोटे झडतात ती रोगानेच, असे लोक शेकडो वर्षे समजत आले होते. पॉल ब्रँड हे शल्यविशारद तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मले आणि १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. एकदा गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. तेव्हा दहाबारा वर्षांच्या एका अशक्त कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली सहज फिरवून दाखवली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला तो किल्लीने बोट हाडापर्यंत कापलेले, आणि मुलाला पत्ताच नाही. किती जोर लावला म्हणजे पुरे, हे आपल्याला दुखण्यामुळे कळते. त्या मुलाला ते सांगणारे कोणी नव्हते. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. गरम भांडे, खडबडीत दांडा, चुलीतला निखारा अशी कारणे सापडत गेली. काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होत, त्याचे कारण शोधल्यावर निघाले उंदीर. झोपेत उंदीर कुरतडत आणि माणूस जागा होत नसे. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरी देण्यात आल्या. जखमेला विश्रांती आणि संरक्षण मिळाले की बधिर हाताची जखमही भरून येते, हा त्यांच्या निरीक्षणाचा गाभा होता.

येथे एक खुलासा करायला हवा. भाच्याच्या हाताचा आणि कुष्ठरोगाचा काडीचाही संबंध नाही. एका नातेवाईक बाईंनी त्याच्या करंगळीवरचा व्रण पाहून आईला हळूच काहीबाही विचारले, आणि आई दोन दिवस जेवली नाही. एकाच्या नसा जंतूंनी बिघडवल्या, दुसऱ्याच्या जन्मताना ताणल्या गेल्या. समान आहे तो फक्त बधिरपणा. आणि कुष्ठरोगाचे तरी काय, आज त्यावर खात्रीची औषधे आहेत. जे ज्ञान वेल्लोरच्या रुग्णांनी आपली बोटे गमावून मिळवून दिले, ते आमच्या घरातल्या मुलाच्या उपयोगी पडते आहे, याबद्दल मला संकोच वाटत नाही. उलट ऋण वाटते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. हे सारे आम्हाला डॉक्टरांनी आणि व्यवसायोपचार करणाऱ्या बाईंनी शिकवले आहे.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडका जखमेवर ठेवून सलग पाच ते दहा मिनिटे दाबून धरायचे आणि हात छातीपेक्षा वर ठेवायचा. "थांबले का" म्हणून दर अर्ध्या मिनिटाला फडका उचलून पाहायचा मोह आवरायचा, कारण नुकती धरलेली गुठळी त्याने सुटते. रक्त थांबले की नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची. आजूबाजूच्या कातडीला साधा साबण लावायचा. काचेने कापले असेल तर उजेडात, शक्य तर बॅटरी धरून, आत काही चमकते का ते नीट पाहायचे. सर्वसाधारण मुलाच्या हातात काच राहिली तर ती टोचते आणि मूल सांगते. आमच्याकडे ती आत तशीच बसून राहील. शंका असेल तर एक्स-रे काढावा. काच बहुधा एक्स-रेत दिसते. त्यानंतर प्रत्येक बोट नेहमी जेवढे वाकते तेवढे वाकते का, हे तपासायचे. खोल काप असला तर स्नायूची दोरी तुटलेली असू शकते, आणि तीही या हातात न दुखता तुटते.

जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर होत असतील, आत पिवळसर किंवा पांढरे काही दिसत असेल, दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, माती आत गेली असेल, किंवा कुत्र्यामांजराचे दात लागले असतील, तर घरी काही करत बसू नये. प्राण्याचा चावा असल्यास आधी साबण आणि पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी लशीसाठी जावे. धनुर्वाताचे म्हणाल तर मुलाच्या लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा आणि पाच-सहा वर्षांचा असे दोन्ही बूस्टर डोस झाले आहेत की नाहीत, हे त्यावरून डॉक्टरांना एका नजरेत कळते. गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो असे आपण सगळेच म्हणतो. खरे तर त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि खिळा बहुधा तिथेच पडलेला असतो. आमच्यापासून जवळच दारूखान्याला भंगाराचा बाजार आहे. तिकडून येणाऱ्या पत्र्यांच्या तुकड्यांशी चाळीतली मुले खेळतात. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे नुसता पुस्तकी नाही.

त्या दिवशीच्या कापाला टाके पडले नाहीत. डॉक्टरांनी धुऊन, कडा जुळवून पट्टी केली. पट्टीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बधिर हातावर पट्टी हीच दुसरी इजा ठरू शकते. घट्ट झालेली पट्टी आपल्याला ठणकते. आपण ती सैल करतो किंवा ओरडतो. हा मुलगा घट्ट पट्टी घालून आनंदाने झोपेल आणि सकाळी बोट काळेनिळे झालेले असेल. म्हणून चिकटपट्टी बोटाभोवती गोल गुंडाळायची नाही. ती तिरपी किंवा उभी लावायची, टोके एकमेकांवर येऊ द्यायची नाहीत. बोटाचे टोक नेहमी उघडे ठेवायचे. नख दाबून सोडले की पांढरे झालेले नख साधारण दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवे. पट्टी केल्यावर लगेच, अर्ध्या तासाने आणि झोपण्यापूर्वी अशी तीन वेळा ही परीक्षा आम्ही घेतो. एक सूचना मात्र आवश्यक आहे. अशा मुलांचा तो हात मुळातच थोडा थंड आणि थोडा निळसर असू शकतो. तेव्हा जखम नसतानाच्या दिवसांत त्याचा नेहमीचा रंग, नेहमीचा गारवा पाहून ठेवावा. आमच्या आईने हे न शिकवता केले. ती म्हणते, "त्याचा हात मला माझ्या पोळीच्या तव्यासारखा ओळखीचा आहे."

गॉझ जखमेला चिकटू नये म्हणून व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा. पट्टी रोज बदलायची, आणि बदलताना पाहायचे. सूज आहे का, लाली पसरते आहे का, पू किंवा वास आहे का, काखेत गाठ आली आहे का, अंगात ताप आहे का. ऊब पाहण्यासाठी आपल्या हाताची मागची बाजू जखमेच्या शेजारी टेकवायची आणि मग दुसऱ्या हातावर त्याच जागी टेकवायची. आपल्याकडे "ठणकतेय का रे?" हा प्रश्न विचारून जखमेची प्रकृती ओळखतात. तो प्रश्न येथे निरुपयोगी आहे. "नाही" हे त्याचे उत्तर खरे असते, आणि त्यावरून काहीच कळत नाही.

घरगुती औषधांविषयी चाळीत मतांची उणीव नसते. कापल्यावर हळद भरा, कॉफीची पूड भरा, चुना लावा, टूथपेस्ट लावा असे दारादारांतून सांगितले जाते. हळदीविषयी मला आदर आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय कोणतीही पूड भरली की जखमेचा तळ दिसेनासा होतो, आणि आमचा सारा भरवसा तर पाहण्यावर आहे. चुना कातडी भाजतो. निव्वळ स्पिरिट किंवा पाणी न घातलेले डेटॉल यांनीही नव्या पेशींना इजा होते. आपल्याला झोंबते, म्हणून आपण थोडेच लावतो. याला झोंबत नाही, तेव्हा लावणाऱ्याचा हात थांबत नाही. स्वच्छ पाणी आणि साबण यांच्या पुढे जाण्याची गरज लहान जखमेला सहसा पडत नाही, हे मी आता ठामपणे सांगू शकते.

दोऱ्याचा प्रसंगही सांगायला हवा. एका वयस्कर आजींनी मोठ्या मायेने मंतरलेला काळा दोरा आणला आणि तो दुबळ्या दंडालाच बांधायचा आग्रह धरला. हात सुजला तर दोरा रुतेल आणि पोराला कळणारही नाही, हे त्यांना कसे सांगावे? ताई गप्प बसली. आईने दोरा घेतला, डोळ्यांना लावला आणि देव्हाऱ्यात ठेवला. आजी समाधानाने चहा पिऊन गेल्या. राखी, कडे, घड्याळ, बाहीचे घट्ट रबर, जे काही हाताला वेढते ते सारे आमच्याकडे डाव्या हाताला.

जखम होण्यापूर्वीची काळजी खरे तर अधिक महत्त्वाची. घाम सुटणे हेसुद्धा मज्जातंतूंचे काम आहे. ते गेले की कातडी कोरडी पडते आणि बारीक भेगा पडतात. काही न कापता पडलेली ही जखमच होय. त्यावर उपाय सोपा आहे. रोज पंधरा-वीस मिनिटे हात साध्या पाण्यात भिजवायचा, हलकेच टिपायचा आणि ओल आहे तोवर खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचे. नुसते तेल चोळून तितका उपयोग होत नाही, पाणी आधी मुरावे लागते. या भिजवण्यातून एक मौज कळली. पाण्यात बराच वेळ राहिल्यावर आपल्या बोटांना सुरकुत्या पडतात. भाच्याच्या अंगठ्याला पडतात, पण करंगळी गुळगुळीत राहते. ओ'रायन या आयरिश शल्यविशारदांनी १९७३ साली हीच गोष्ट मज्जातंतूंची साधी चाचणी म्हणून सुचवली होती. बादली आणि पाणी, एवढेच तिचे साहित्य!

नखे सरळ आणि फार खोल न जाता कापावीत. नख कापताना कातडीही कापली गेली तर मूल हात मागे ओढणार नाही. दीड ते तीन वर्षांच्या काळात तो स्वतःच करंगळी चावायचा, नखाशेजारची कातडी कुरतडायचा. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई. अशा इजेच्या काही मुलांत हे आढळते. बधिर बोट आपले वाटत नाही म्हणून, किंवा परतणाऱ्या संवेदनेच्या मुंग्या येतात म्हणूनही, असे सांगतात. रागावून काही साधले नाही. हात मऊ मोज्यात झाकणे, तोंडाला आणि हाताला दुसरा चाळा देणे आणि डॉक्टरांना कळवणे एवढेच केले. हळूहळू ते थांबले.

भाजण्याचा धोका कापण्याइतकाच आहे. आंघोळीचे पाणी मोठ्या माणसाने स्वतः पाहायचे, आणि भाच्याला शिकवले आहे की आधी डावा हात. चहाचा पेला, इस्त्री, उन्हात तापलेला गॅलरीचा लोखंडी कठडा यांच्यापाशी उजवा हात नाही. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते गार पाणी. बर्फ नाही आणि टूथपेस्टही नाही. थंडीत कोणी शेकायला गरम पिशवी सुचवली तर स्पष्ट नकार द्यायचा.

ब्रँड यांच्या उंदरांची गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून वर माळ्याकडे पाहिले. जुन्या चाळीत आणि गोदामांच्या शेजारात राहणाऱ्याला उंदरांची ओळख करून द्यावी लागत नाही. तेव्हापासून तो दुपारी आमच्याकडे झोपतो तेव्हासुद्धा मच्छरदाणी असते, कडा गादीखाली खोचून. झोपण्यापूर्वी हात धुतलेला हवा, कारण बोटाला लागलेल्या अन्नाच्या वासाने उंदीर येतात. पावसाळ्यात याच उंदरांचा दुसरा उपद्रव असतो. साचलेल्या पाण्यात त्यांचे मूत्र मिसळते आणि जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली आहे. हिंदमाता तुंबले की आमच्या बाजूलाही पाणी येते. हातावर बारीकसा ओरखडा असला तरी त्या दिवशी मुलाला पाण्यात उतरू द्यायचे नाही. उतरलाच तर साबणाने धुऊन, प्रतिबंधक औषध द्यावे काय हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायचे आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर ही हकिकत त्यांना सांगायची.

पोटरीतला मज्जातंतू काढल्यामुळे त्या पायाची बाहेरची कडही थोडी बधिर असते. ही गोष्ट अनेक घरांत विसरली जाते. हाताबरोबर तो पायही पाहावा, बुटात हात घालून खडा नाही ना हे पाहावे.

एवढे सगळे वाचून असे वाटेल की त्या हाताला कापसात गुंडाळून ठेवावे. आईचे सुरुवातीला तेच मत होते. तिने जुन्या सुती मोज्याची पिशवी शिवली आणि दिवसभर हात त्यात. व्यवसायोपचाराच्या बाईंनी ती पाहिली आणि शांतपणे सांगितले, "आजी, झाकलेला हात मूल विसरते. विसरलेला हात वापरत नाही. न वापरलेला हात आखडतो." यावर ताई आणि आई यांच्यात बरेच दिवस धुसफूस चालली. ताईचे म्हणणे, त्याला माती, पाणी, कणीक, वाळू सगळ्यात हात घालू द्या. आईचे म्हणणे, तू दिवसभर कचेरीत, रक्त मला पुसावे लागते. दोघींचेही खरे होते. हळूहळू जो तह झाला तो असा, की पिशवी फक्त झोपेत, बाकी वेळ हात मोकळा, आणि दिवसातून दोनदा तपासणी. सकाळी ताई घरी करते, संध्याकाळी मी करते.

ही तपासणी आता खेळ झाली आहे. तळवा, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, नखे, मनगट, कोपर असा क्रम ठरलेला. तो स्वतः बोलतो आणि मी मान डोलावते. मागच्या महिन्यात त्यानेच पहिल्यांदा बेचकीतली लाल रेघ दाखवली. मला ती दिसलीही नव्हती. डाव्या डोळ्याने जवळून, उजव्या डोळ्याने लांबून, अशी त्याची काहीतरी स्वतःची पद्धत आहे. मानसशास्त्राच्या तासाला संवेदनेचे प्रकरण शिकताना मला सारखे वाटत होते की या पोराने एका संवेदनेची जागा दुसरीला देऊन टाकली आहे, आणि तेही परीक्षेशिवाय.

येत्या जूनमध्ये तो शाळेच्या मोठ्या शिशुवर्गात जाईल. तिथे आमचे डोळे असणार नाहीत. ताईने आणि मी मिळून त्याच्या बाईंना द्यायला एक कागद तयार केला आहे. त्यात हाताचे चित्र काढून बधिर भाग पेन्सिलीने छायांकित केला आहे. खाली लिहिले आहे की तो पडला, धडपडला तर रडला नाही म्हणून सोडून देऊ नये, बाही वर करून पाहावे. रक्त असल्यास दाबून धरावे, पाण्याने धुवावे, पट्टी गोल बांधू नये आणि घरी फोन करावा. त्याला उजव्या हाताने रंगवायला, मातीचे गोळे करायला जरूर सांगावे. कागद वाचून दाखवला तेव्हा भाच्याने त्यात एक दुरुस्ती सुचवली. बाही मी स्वतः वर करीन, असे लिहा म्हणाला. ते आम्ही लिहिले आहे.